रेणू जोडण्याचा संच : पाण्यासाठी उत्तम, मिठासाठी फसवा

आठवीत असलेल्या मुलीला रासायनिक बंध समजावेत म्हणून सांगलीत हरभट रोडलगतच्या एका दुकानातून रेणूंच्या प्रतिकृती जोडण्याचा संच ४८० रुपयांना घेतला. प्लॅस्टिकचे रंगीत गोळे, त्यांना पाडलेली भोके आणि जोडायच्या काड्या, एवढेच त्यात आहे.

सहसंयुज बंधासाठी हा संच खरोखर उत्तम आहे. पांढऱ्या हायड्रोजनला एक भोक, लाल ऑक्सिजनला दोन आणि काळ्या कार्बनला चार. बाह्यतम कवच पूर्ण होण्यास जितके इलेक्ट्रॉन कमी तितकी भोके, आणि काडी म्हणजे दोन अणूंनी प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घालून सामाईक केलेली जोडी. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडलेली ही कल्पना मुलीच्या हाती दहा मिनिटांत उतरली. मिथेनमधला १०९.५ अंशांचा कोनही भोकांमुळे आपोआप साधतो. ऑक्सिजनच्या दुहेरी बंधासाठी दिलेल्या लवचिक काड्यांपैकी एक मात्र पहिल्याच दिवशी मोडली.

खरी तक्रार सोडिअमच्या जांभळ्या गोळ्याबद्दल आहे. त्यालाही एकच भोक देऊन, तो हिरव्या क्लोरीनला काडीने जोडला की मिठाचा रेणू तयार होतो, असे सोबतच्या पत्रकात छापले आहे. मिठात असा सुटा रेणू नसतो. सोडिअम (कवचांत अनुक्रमे २, ८, १ इलेक्ट्रॉन) आपला शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनला (२, ८, ७) देऊन टाकतो आणि मग धन व ऋण आयन, म्हणजे विद्युतभार आलेले अणू, एकमेकांना सर्व बाजूंनी ओढतात. काडीला दिशा असते, या ओढीला नसते. नुसती देवघेव तर तोट्याचीच आहे, कारण सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढण्यास मोलमागे (मोल हे अणू मोजण्याचे ठरलेले माप) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि क्लोरीनने तो घेतल्यावर ३४९ किलोज्यूलच परत मिळतात. सुट्या आयनांचा स्फटिक रचला जाताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणून हिशेब जमतो. हे पत्रकात कुठेच नाही.

अखेर कणकेच्या लहान गोळ्या सोडिअम आयनांच्या आणि मोठ्या क्लोराइडच्या मानून आम्ही त्या ताटात आलटूनपालटून थरांवर थर रचल्या. आतल्या प्रत्येक गोळीला सहा शेजारी मिळाले, आणि यातला मिठाचा रेणू कोणता, असे विचारल्यावर मुलीला कोणत्याही दोन गोळ्यांवर बोट ठेवता आले नाही. संच जरूर घ्यावा. जांभळा गोळा मात्र आधीच बाजूला काढून ठेवावा.