कुत्र्यासाठी अंडरवॉटर ट्रेडमिल आणि घरचा मसाज: सहा महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा: गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला लॅब्रेडॉर, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ट्रेडमिल (पाणी भरलेल्या काचेच्या टाकीत फिरत्या पट्ट्यावर चालणं), नंतर एकदा, आणि घरी रोज दहा मिनिटं मसाज. उपयोग होतो, नक्की होतो. पण सगळं पाण्याच्या उंचीवर अवलंबून आहे आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं.

मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत पाणी असेल तर शरीराचं सुमारे ९१ टक्के वजन पायांवर येतंच. गुडघ्यापर्यंत भरलं तरी ८५ टक्के. खुब्यापर्यंत भरलं की मात्र एकदम ३८ टक्क्यांवर येतं. म्हणजे ‘गुडघाभर पाण्यात चालवतो, सांध्यावर भार येत नाही’ हे खरं नाही; वजन हलकं होतं ते गुडघ्याच्या वर. म्हणून सुरुवात खुब्याच्या पातळीला करायची आणि पाय नीट टेकायला लागला की पाणी थोडं थोडं उतरवत न्यायचं. सहाव्या महिन्यातही पाणी तिथल्या तिथेच असेल, तर दुखरा पाय वजन पेलायला शिकणार कधी? खुब्याच्याही वर पाणी गेलं तर कुत्रा तरंगायला लागतो, नुसती नखं टेकतात आणि व्यायाम वाया जातो. दर वेळी पातळी, वेग आणि मिनिटं वहीत लिहून ठेवा. जिथे हे लिहून देतात ते सेंटर चांगलं.

टाके निघून जखम पूर्ण मिटल्याशिवाय पाण्यात उतरवायचं नाही. साधारण १० ते १४ दिवस लागतात, पण शेवटचा शब्द सर्जनचा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं चाल, विश्रांती, पुन्हा दोन मिनिटं, बस. पुढे दर खेपेला एक-दोन मिनिटं वाढवत १५ ते २० पर्यंत. पाणी २८ ते ३२ अंश सेल्सिअस. निव्वळ फिटनेससाठी जोरात चालवायचं असेल तर थोडं थंड, नाहीतर अंग तापतं. वेगाची घाई नको. ताशी एक किलोमीटरच्या आसपास चालताना प्रत्येक पाऊल टेकावंच लागतं. वेग वाढवला की हुशार कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो. काचेला टेकून चालणं, पुढचे पाय पट्ट्याबाहेरच्या कडेवर ठेवणं, मान एकीकडे वळवणं, या सगळ्या पळवाटाच. खाऊ नाकाच्या सरळ रेषेत धरा. हात उंच गेला की डोकं वर होतं आणि वजन मागच्या पायांवर सरकतं. शेवटच्या महिन्यांत हे मुद्दाम करता येतं, पहिल्या आठवड्यांत नाही.

पोहणं स्वस्त आणि सोपं वाटतं, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच आमची पसंती त्याला नाही. घाबरलेला कुत्रा मागचे पाय वेडेवाकडे झाडतो, ते आवरता येत नाहीत. निवांत पोहणारा पुष्कळदा पुढच्या पायांवरच भागवतो. पाय मागे पूर्ण ताणला जाणं चालण्यातच जास्त मिळतं. तोंडात चेंडू धरून पोहणारे कुत्रे पाणी गिळतात. त्यानंतर उलटी, झोकांडी किंवा सुस्ती दिसली तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

मसाजात सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त ऑपरेशनचा पाय चोळत बसणं. ओझं वाहून थकलेले असतात ते खांदे, पुढच्या पायांच्या वरचे जाड स्नायू आणि कंबर. आधी मानेपासून शेपटीपर्यंत तळव्याने हलके लांब हात, मग खांद्यामागचा स्नायू पंजात धरून कणकेसारखा सावकाश मळायचा. पाठीवर मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवरच, हाडावर कधीच नाही. मांडीवर हात खालून वर. स्नायू बोटांखाली घट्ट झाला, कातडी थरथरली, कुत्रा ओठ चाटू लागला किंवा वळून हाताकडे बघू लागला, की दाब जास्त झाला. गरम सूज, ताप, गाठ किंवा ताजी दुखापत असेल तिथे हात लावायचा नाही. आणि मसाजाने स्नायू भरत नाहीत. ते काम चालण्याचंच. मसाजाने आखडलेपण सैल होतं आणि रोज हात फिरल्यामुळे नवं दुखणं लवकर कळतं.

प्रगती डोळ्यांनी मोजू नका. दोन आठवड्यांनी मांडीचा घेर टेपने घ्या: दर वेळी त्याच जागी, पाय त्याच स्थितीत, टेप न आवळता आणि शक्यतो एकाच माणसाने. दोन्ही मांड्या मोजा, कारण वजन वाढलं तर दोन्हीकडे वाढतं.

तक्रारी? कान आणि बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की खाज सुटते. साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ असल्याची खूण नव्हे, उलट घाण साठल्याची. जेवण दोन-तीन तास आधी आटपा आणि शी-शू बाहेर करूनच आत न्या. जुलाब, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, आटोक्यात नसलेल्या फिट्स किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात नेऊच नका. दुसऱ्या दिवशी लंगडणं वाढलं तर पुढच्या खेपेला मिनिटं कमी करा, पाण्याची पातळी तीच ठेवा.