सॅन स्टॉर्म: सेल्फ, पंप, कॉम्प्युटर बदलण्याआधी अर्थिंग बघा

नव्या सेल्फ मोटरचं बिल ११,८०० रुपये झालं, आणि आठवडा उलटायच्या आत गाडी पुन्हा होती तिथंच आली. किल्ली फिरवली की पॅनलचे दिवे मंद व्हायचे, सेल्फ एकदा कण्हायचा आणि 'टक' करून थांबायचा. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, आता फ्यूल पंप बघावा लागेल. पंप तपासून झाल्यावर म्हणाला, इंजिनाचा कॉम्प्युटर गेला असेल, ३८ हजार धरून चला. गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही, त्याने काही साधत नाही. पण ज्याच्याकडे ही गाडी आहे किंवा जो ती घ्यायच्या विचारात आहे, त्याचे हे पैसे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

स्टॉर्म ज्यांना माहीत आहे त्यांना तिची ओळख नको. १९९८ साली बाजारात आलेली, दोन सीटची, कापडी हुडची, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आणि फायबरची बॉडी. यातलं शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा खर्च आणि सगळा त्रास त्या फायबरपाशीच येऊन थांबतो.

माझी गाडी शिरपूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. बंद आहे हे माहीत असूनच घेतली. एअर फिल्टरच्या डब्यात आणि डॅशबोर्डच्या मागे रुई इतकी गच्च बसली होती की हाताने ओढून काढावी लागली. उंदरांनी वायरिंग दोन जागी कुरतडलेलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर त्याचा रंग काळ्या चहासारखा आणि वास वार्निशचा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, दोन रात्री तसंच ठेवलं आणि मग पान्याने क्रँक हाताने फिरवला. फिरला. टायमिंग बेल्ट बाहेरून बरा दिसत होता, तरी बदलला. रबर किलोमीटरने जातं तसं वर्षांनीही जातं. टायरचंही तेच. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत असली तरी ते आकडे वाचूनच ठरवा. ब्रेक सिलिंडरचे किट, क्लच केबल, पेट्रोलचे सगळे होज, इंजेक्टरची सफाई, हे कुठलाही चांगला मिस्त्री करून देतो. यात काही अडत नाही.

अडलं ते अर्थिंगपाशी.

लोखंडी बॉडीच्या गाडीत बॉडी हीच निगेटिव्हची वायर असते. दिवा, हॉर्न, वायपर, काहीही कुठेही पत्र्याला जोडा, करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून इथं प्रत्येक दिव्याला परतीची काळी वायर आहे, आणि त्या वायरी चेसिसवर ठरावीक जागी थिंबलने, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीने, कसलेल्या आहेत. वीस-पंचवीस वर्षांत त्या थिंबलखाली गंज धरतो. वरून नट घट्टच असतो, हाताने हलवून बघितला तर हलत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे तेही चेसिसपासून तुटलेलंच. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली एक पट्टी. माझ्या गाडीतली पट्टी काळी-हिरवी पडली होती आणि चिमटीत दाबली की तिचे तंतू चुरून पडत होते.

हे गॅरेजमध्ये कुणी बघितलं नाही. ते शोधलं मोटर वायंडिंगचं दुकान असलेल्या नानांनी. त्यांच्याकडे मी शेतातल्या पंपाची जळालेली मोटर घेऊन गेलो होतो, बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. नानांचा सगळा जन्म खानदेशातल्या लो व्होल्टेजशी झगडण्यात गेलेला. मीटर घेऊन घरी आले, मला सेल्फ मारायला सांगितला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावून पटकन मागे घेतलं. केबल गरम झाली होती. मलाही हात लावायला लावला. मग म्हणाले, "बॅटरीले काहीच व्हयेल नही भाऊ, पहिले अर्थ दखा."

पट्टी तुटली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरच्या केबलचं एक टोक इंजिनला, दुसरं पेडलच्या लोखंडाला, आणि पेडल चेसिसला. शंभर-सव्वाशे अँपिअर त्या बारीक केबलमधून जायला बघतात, म्हणून ती तापते. असं बरेच दिवस चाललं तर केबल आतल्या आत चिकटते आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकतो. म्हणजे हा नुसता गाडी चालू न होण्याचा प्रश्न नाही, जिवाशी खेळ आहे. गाडी चालू होत नसताना पाच-सहा वेळा सेल्फ मारला असेल तर ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलला हात लावून बघाच.

आता मोजायचं कसं, कारण इथंच बहुतेकांची दिशाभूल होते. मीटर ओहमवर लावून अर्थ तपासू नका. मीटर जवळपास शून्य दाखवतो आणि सगळं ठीक वाटतं. त्या जोडात ०.०२ ओहमचा अडथळा असेल तर साधा मीटर तो पकडत नाही, पण शंभर अँपिअर वाहताना त्याच ०.०२ मध्ये दोन व्होल्ट जातात. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. वायरच्या क्लॅम्पवर नको, खुंटीवरच. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दुसरं काहीही तपासू नका. माझ्याकडे २.४ आला. बॅटरी त्या वेळी १०.९ देत होती, म्हणजे नव्या कोऱ्या सेल्फला मिळत होते साडेआठ. तेवढ्यावर तो काय फिरणार, आणि फिरला तरी कॉम्प्युटरला पुरेसे व्होल्ट न मिळाल्याने स्पार्क कुठून येणार? कॉम्प्युटर शाबूत होता, आजही तोच आहे.

इलाज असा. पंचवीस स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरभर, दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी जाड थिंबल. लग हातोडीने ठोकून बसवू नका. महावितरणच्या ठेकेदारांकडच्या वायरमनजवळ हायड्रॉलिक क्रिंपिंगचं यंत्र असतं, त्याच्याकडून दाबून घ्या. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला एक केबल, तिथून चेसिसला दुसरी. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, दातेरी वॉशर टाका, कसा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आधी नाही, कसल्यावर. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची. सगळा खर्च साडेसातशेच्या आत. नंतरचं माप ०.१२ व्होल्ट, आणि इंजिन पहिल्या अर्ध्या सेल्फला चालू. ११,८०० आणि साडेसातशे हे दोन आकडे शेजारी ठेवले की आजही राग येतो.

त्यानंतर संपूर्ण उन्हाळा गाडी वापरली. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन सांगायला नको, पारा ४४-४५ ला असताना दुपारी कापडी हुडखाली बसणं अवघड आहे, तेव्हा पहाटे आणि रात्रीच बाहेर काढायचो. शहाद्यावरून तोरणमाळ चढताना मात्र या गाडीचं मोल कळलं. पॉवर स्टेअरिंग नाही, वजन कमी, वळणावर रस्ता जसा आहे तसा हातात येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना इंजिनाचा आवाज हुड उघडं असल्यामुळे कड्यावरून परत येतो. बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेमुळे ती मजा नाही. गावातले स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात.

इ-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल माझं मत वापरता वापरता बदललं. आधी मी ठाम होतो की जुन्या गाडीचं वाटोळं करणार तर हेच पेट्रोल. सगळे होज इथेनॉलला चालतील असे टाकले, त्यानंतर गळती नाही, वास नाही, सुरू व्हायला कटकट नाही. ॲव्हरेज थोडं उतरलं, ते मान्य. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवतो, रिकाम्या जागेत ओल साठत नाही. जुने होज तसेच ठेवून इ-२० भरणाऱ्याला मात्र माझा अजूनही विरोध आहे.

इथपर्यंतचं जूनच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'प्रश्न कायमचा मिटला' असंही लिहिलं होतं. ते वाक्य पावसाळ्यानंतर काढून टाकलं.

झालं असं की दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. या वेळी लक्षण वेगळं. किल्ली ऑन केली की मागून पंपाचा दोनेक सेकंद 'झीं' असा आवाज यायला हवा, तो येत नव्हता. त्याच दिवसांत ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही लुकलुकायचा आणि टेललाइट मंद व्हायची. ही खूण पक्की आहे: एका दिव्याला परतीची वाट मिळाली नाही की त्याचा करंट शेजारच्या दिव्यातून घुसतो. मागच्या चेसिसवर पंप आणि दिवे यांची एकच थिंबल होती. नट काढला तर खाली तांबूस भुकटी.

पुढची जाड केबल फक्त सेल्फचं दुखणं काढते. फायबरच्या गाडीत सगळेच अर्थ एकदा उघडायला हवेत, आणि जमलं तर चेसिसवरून हलवायलाच हवेत. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून घराच्या डीबीत (फ्यूज-स्विचच्या डब्यात) वापरतात ती पितळी न्यूट्रल लिंक, म्हणजे ओळीने स्क्रू असलेली पट्टी, आणली, एक मागे डिकीत आणि एक डॅशबोर्डखाली बसवली. प्रत्येक काळी वायर वेगवेगळ्या स्क्रूखाली, आणि लिंकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दहा स्क्वेअरची स्वतंत्र वायर. गंजणाऱ्या लोखंडाचा त्यात संबंधच ठेवला नाही. श्रावणातल्या पावसात गाडी बाहेर उभी राहिली, तरी पंप बोलतो, दिवे स्वच्छ लागतात, वायपरचा वेगही वाढला.

हुडबद्दल थोडक्यात: शिवण उसवली होती, गावातल्या कुशनवाल्याने नव्या रेक्झिनने शिवून दिली. मागची पारदर्शक खिडकी पिवळी पडली आहे, तिचं काम बाकी आहे. कागदपत्रांचं आधीच धरून चाला, वीस वर्षांवरच्या कारचं नोंदणी नूतनीकरण आता १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि ते पाच वर्षांपुरतंच. सौदा करताना ही रक्कम किमतीतून वळती करून घ्या.

बंद पडलेली स्टॉर्म बघायला जाणार असाल तर खिशात तीनशे रुपयांचा मीटर आणि सोबत एक जंपर केबल न्या. सेल्फ कण्हत असेल तर जंपरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून पुन्हा सेल्फ मारा. फिरला, तर मालक ज्याला इंजिन काम म्हणतोय ते साडेसातशेचं काम आहे. भाव मात्र तो म्हणतोय त्या इंजिन कामाचे पैसे वजा करूनच ठरवा.