शिकवणी: सात विद्यांची की सरकी-रुईची?

"पोट्ट्याले शिकवणी लावाची हाय, पन नुसत्या मार्काची नाही," असं आमच्या वर्धेकडचा बाप म्हणाला, तर त्याच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली युरोपातली जुनी. आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. त्यावर अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. अशा ७ विद्या. मास्तर नुसता धडा संपवत नाही, विचारत राहतो: "कापसाचा भाव पडला तो पीक जास्त आलं म्हणून, हे कशावरून?" पोरगी अडखळते, पुन्हा मांडते. एक मास्तर, चार पोरं, ओसरी आणि फळा एवढ्यात भागतं. खोट एकच, हात रिकामे राहतात.

दुसरी घरची. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम. अभ्यासक्रम झाकिर हुसेन समितीने आखला. इथे हस्तोद्योगाचा वेगळा तास नसतो, त्यातूनच विषय निघतात. सरकी काढून रुई तोलली की टक्केवारी आली. वेचणीची मजुरी मांडली की हिशेबही झाला आणि अर्थशास्त्रही. पण याला वावर लागतं, अवजारं लागतात, वेळ तर फारच. आणि खरं सांगू? जन्मभर उन्हात राबलेली माय "पोराले पुन्हा मातीतच घालता का?" म्हणते, तेव्हा मला उत्तर सुचत नाही.

माझा कौल सातवीपर्यंत नई तालमीला, पुढे तर्काला. फीचं नंतर बघू. दोन्हीकडे आधी तसा मास्तर सापडला पाहिजे.