७० टक्के कार्बन आणि मुरमाचं मैदान: हॉकी स्टिकचा ब्रँड बदलल्यानंतरचे आठ महिने

साधा पास होता. पंधरा मीटरवरून, जमिनीलगत, फार जोरातही नाही. असे पास शाळेपासून थांबवत आलोय. नवी स्टिक पुढे केली आणि चेंडू तिच्यावर आपटून दोन हात पुढे उडाला, थेट समोरच्या पोराच्या ताब्यात. मागून आवाज आला, “काय बे, स्टिक आणलीस का पहार?”

ही मागच्या जुलैतली गोष्ट. आता मार्च चालू आहे, दुपारी मैदानाकडे बघवत नाही, म्हणून घरात बसून हे लिहितोय. पहिल्या आठवड्यातच लिहिलं असतं तर कंपनीला शिव्या घातल्या असत्या. आठ महिन्यांनी कळतंय की स्टिक चांगलीच होती, निवडणारा मी चुकलो. म्हणून ब्रँडची नावं लिहीत नाही. जुनीला जुनी म्हणतो, नवीला नवी.

आधी माझ्याबद्दल थोडं. वय अडतीस, वजन ६८ किलो, जागा राइट हाफ, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधली उजवी बाजू. आठवड्यातून तीन संध्याकाळी मुरमाच्या मैदानावर खेळतो, आणि वर्षातून दोन-तीनदा पिंपरीला नेहरूनगरच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, किंवा बालेवाडीला सामने असतात. म्हणजे माझ्या स्टिकचं ९० टक्क्यांहून जास्त आयुष्य मुरमात जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जुनी स्टिक जालंधरची, साडेसदतीस इंची, चार वर्षं वापरलेली. तिच्यावर छापलं होतं ६० टक्के कार्बन, म्हणजे स्टिकमधल्या कार्बनच्या धाग्यांचं प्रमाण. मुरमाने तिच्या टोकाचा थर पार खरवडून काढला, आतले धागे बाहेर दिसायला लागले, तेव्हा बदलायची वेळ आली. तेच मॉडेल मिळेना. दुसऱ्या ब्रँडची ७० टक्क्यांची सवलतीत साडेआठ हजारांना मिळत होती. मनात हिशेब केला: लांबी तीच, वजन तेच, दहा टक्के कार्बन जास्त, त्याने काय होतंय? बटण दाबलं.

मागवण्याआधी थोडं शोधलंही होतं, नाही असं नाही. फ्लेक्स, म्हणजे स्टिकची लवचीकता, कशी निवडायची म्हणून शोधलं तर पानंच्या पानं निघाली: ७५, ८५, ९५ असे आकडे, आणि आपलं वजन पौंडात धरून त्याच्या निम्मा आकडा घ्यावा हा ठोकताळा. ६८ किलोचे दीडशे पौंड, निम्मे पंचाहत्तर. खूश झालो. मग लक्षात आलं की हे सगळं बर्फावरच्या हॉकीचं आहे. तिकडे स्टिकचा दांडा एक इंच वाकवायला साधारण किती पौंड जोर लागतो तो आकडा दांड्यावर छापतात, कारण फटका मारताना त्यांना दांडा वाकवायचाच असतो. वरून दांडा कापून आखूड केला की तो जास्त ताठ होतो, हेही त्यांच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. आपल्या मैदानी हॉकीत असा आकडाच नाही. आपल्याला मिळते ती कार्बनची टक्केवारी, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

टक्केवारी म्हणजे ताठरपणा नव्हे. मला हे हॉकीवाल्याने नाही, शेजारच्या यंत्रमागवाल्या मामांनी समजावलं. जुन्या स्टिकचे उसवलेले धागे त्यांनी बोटांनी चाचपले आणि विचारलं, “ताणा किती, बाणा किती?” मी गप्प. मग म्हणाले, एवढं सूत वापरलं एवढंच सांगितलं तर चादर कशी होईल ते मला कसं कळणार? सूत उभं किती, आडवं किती, वीण घट्ट की सैल, त्यावर सगळं. सोलापुरात राहून एवढं कळायला मला चाळिशी गाठावी लागली. स्टिकचंही तेच आहे. कार्बनचे धागे दांड्याच्या लांबीला धरून गेले तर ती वाकायला कठीण, तिरपे गेले तर पिळायला कठीण. शिवाय भिंतीची जाडी, धागे चिकटवून धरणारी राळ कोणती, सोबत काचतंतू किती, अरामिड हा चिवट धागा घातलाय का, हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं. टक्केवारी कशाच्या प्रमाणात मोजायची याचाही सगळ्यांना लागू असा एक नियम नाही. एकाच ब्रँडच्या दोन स्टिकमध्ये ती थोडीफार उपयोगी पडते. ब्रँड बदलला की तो आकडा नुसता स्टिकरवरची शोभा.

मग मोजायचं ठरवलं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे, मागाचे सुटे भाग बनवतो. डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग मोजणारं काट्याचं यंत्र, हाताशी. रविवारी मालकांना विचारून दोन टेबलांमध्ये स्टिक आडवी ठेवली, सपाट बाजू वर, टेकूंमधलं अंतर ७०० मिलिमीटर. मध्यभागी दोरीने व्यायामशाळेतलं २० किलोचं वजन लटकवलं आणि गेजने बघितलं की स्टिक किती खाली जाते.

जुनी ४.१ मिलिमीटर गेली. नवी २.३.

दोनदा मोजलं, मग स्टिक फिरवून पुन्हा मोजलं. तेच. दहा टक्के म्हणून जी घेतली ती जवळजवळ निम्मीच लवत होती. तरी एक शंका राहिलीच, की जुनी चार वर्षांच्या मारामुळे सैल पडली असेल. कंपोझिट स्टिक वापराने थोडी मऊ होते, आत बारीक तडे जातात. टीममधल्या एकाकडे तेच जुनं मॉडेल जवळपास कोरं होतं. ते मोजलं तर ३.६. म्हणजे अर्धा मिलिमीटर वयाचा, बाकी सगळा फरक ब्रँडचा.

हा आकडा तुमच्या स्टिकशी थेट जुळवू नका. टेकूचं अंतर बदललं की आकडा बदलतो. पण दोन्ही स्टिक एकाच टेकूवर, एकाच वजनाखाली ठेवल्या तर डायल गेजही लागत नाही, सुतळी ताणून पोलादी पट्टीने बघितलं तरी फरक दिसतो. जुनी स्टिक फेकायच्या आधी हे करून ठेवा एवढीच विनंती. मी माझी दुसऱ्याला देऊन टाकणार होतो, थोडक्यात वाचलो.

ताठ स्टिकने प्रत्यक्ष काय होतं? फटका जोरात जातो. यात खोटं काही नाही. फ्री हिटवरून पलीकडच्या बाजूला चेंडू टाकायला पूर्वी मला सगळं अंग लावावं लागायचं, नवीने अर्ध्या झोक्यात जायचा. पहिले पंधरा दिवस फटक्यापुरता मी याच आनंदात होतो. पण माझ्यासारख्या हाफचं काम सामन्यात किती वेळा मारायचं आणि किती वेळा थांबवायचं? थांबवणं कितीतरी जास्त. मऊ स्टिक चेंडूचा थोडा जोर स्वतः पिते. ताठ स्टिक तो परत करते, आणि मग तो जोर आपल्या मनगटांनी प्यावा लागतो. हात सैल सोडून, चेंडू येतो त्या क्षणी स्टिक किंचित मागे घ्यायची. हे मला चाळिशीच्या तोंडावर नव्याने शिकावं लागलं. सप्टेंबरपर्यंत बरंचसं जमलं, पण थकल्यावर, शेवटच्या क्वार्टरमध्ये, हात जुन्या सवयीवर जायचे आणि चेंडू पुन्हा उडायचा.

दुसरा त्रास झिणझिण्यांचा. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वरचा, नियमाने १५६ ते १६३ ग्रॅम, आणि दगडासारखा कडक. स्टिकच्या मधोमध लागला तर काही नाही. पण मुरमावर तो कधी सरळ येतो का? शेवटच्या क्षणी खडा लागतो, चेंडू उसळतो आणि दांड्यावर वरच्या बाजूला बसतो. जुनीने तो धक्का कळायचासुद्धा नाही. नवीने उजव्या हाताच्या बोटांत विजेसारखी कळ जायची. ऑक्टोबरात तर सकाळी चहाचा कप धरताना अंगठा दुखायचा. मुठीवरची पातळ शॅमी ग्रिप काढून जाड, गादीची ग्रिप चढवली, थोडा फरक पडला. पण जाड ग्रिपने चेंडूचा अंदाज बोथट होतो. एक दुखणं देऊन दुसरं घेतलं म्हणा.

टर्फवर मात्र हीच स्टिक वेगळी वागली. नोव्हेंबरमध्ये सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलो, दुपारी पिंपरीत सामना. पाणी मारलेलं टर्फ, चेंडू रुळावरून आल्यासारखा सरळ. एकदाही कळ नाही. पास सगळे स्टिकच्या मधोमध. परतीच्या गाडीत मी टीमला सांगत होतो की स्टिक उत्तम आहे, मैदान खराब आहे. एक काका, जे रेल्वेत होते आणि तुतीच्या लाकडाच्या स्टिकने, तिला जवसाचं तेल पाजून खेळले, ते म्हणाले, “मग मैदान बदल की.” बोलणंच खुंटलं.

आता वाकाबद्दल, कारण माझी दुसरी चूक तिथे आहे. स्टिक जमिनीवर ठेवली की दांडा कमानीसारखा उचललेला दिसतो, तो वाक. नियमाने तो जास्तीत जास्त २५ मिलिमीटर, आणि त्याचं सर्वांत उंच ठिकाण खालच्या टोकापासून २०० मिलिमीटरच्या आत येता कामा नये. माझ्या जुनीचा वाक कमी आणि मध्याकडे. नवी लो बो, म्हणजे वाक जवळपास मर्यादेपर्यंत आणि जितका खाली चालतो तितका खाली. ड्रॅग फ्लिकवाल्यांना, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन झटक्याने फेकणाऱ्यांना, हे सोन्यासारखं असतं, चेंडू दांड्याच्या खोबणीत बसून ओढला जातो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारताच्या हरमनप्रीतने १० गोल मारल्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोराला लो बोच हवी आहे. पण मी फ्लिक मारत नाही. मी सपाट हिट मारतो, आणि लो बोने सपाट हिट मारायला चेंडू पायाजवळ थोडा मागे घ्यावा लागतो. जुन्या जागेवरून मारला की चेंडू हवेत. ऑगस्टमधल्या एका सामन्यात माझ्या उचललेल्या चेंडूवर तीन वेळा शिट्टी वाजली. तिसऱ्या वेळी पंचांनी जवळ बोलावून समजावलं, तेव्हा लाज वाटली.

मला सगळ्यात महाग पडलं ते हे: मी ताठरपणा, वाक आणि तोल तिन्ही एकदम बदलले. तोलाचं सांगायचं राहिलंच. वजन दोन्हींचं ५४० ग्रॅमच्या आसपास, पण बोटावर तोलून बघितलं तर नवीचा तोल दोन बोटं खाली, टोकाकडे. त्याने हिटला जोर येतो आणि ड्रिबल करताना टोक जड लागतं. आता चेंडू उडतोय तो कशामुळे, ताठपणामुळे की वाकामुळे, हेच मला दोन महिने कळत नव्हतं. एकच गोष्ट बदलली असती तर पंधरा दिवसांत कळलं असतं.

डिसेंबरात शेवटी त्याच नव्या ब्रँडची ३० टक्क्यांची, मधल्या वाकाची स्टिक घेतली. तीन हजार सहाशे. आल्या आल्या टेबलांवर ठेवली: ३.४ मिलिमीटर. म्हणजे या ब्रँडची ३० टक्क्यांची माझ्या जुन्या ब्रँडच्या कोऱ्या ६० टक्क्यांपेक्षाही जरा ताठच. दुकानात कोणी हे सांगितलं असतं तर मी हसलो असतो. हात दोन सरावांत बसला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सरावाला निम्मी टीम यायची, तेव्हा मी नुसते थांबवण्याचेच सराव केले, भिंतीवर मारून. अंगठ्याचं दुखणं जानेवारीअखेर गेलं. लांब हिट पूर्वीसारखी अंग लावून मारतो, त्याची खंत आहे, थोडी.

टिकाऊपणाबद्दल पटकन. मुरमावर कोणतीही स्टिक खालच्या कडेने झिजते, महाग असो वा स्वस्त. महागडी झिजताना बघून जीव जास्त जळतो, एवढाच फरक. मी पहिल्या दिवसापासून टोकाला टेप लावतो. पण टेपचे थर चढवत गेलात तर ५१ मिलिमीटरच्या कड्यातून स्टिक जाणार नाही आणि स्पर्धेत तपासणीला अडकाल, म्हणून जुना टेप काढूनच नवा लावा. आणि आपल्या उन्हात स्टिक गाडीच्या डिकीत ठेवून जाऊ नका. राळ तापली की मऊ पडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या किती वर जातो ते सांगायला नको, बंद गाडीत तर त्याहून जास्त.

७० टक्क्यांची आता आमच्याकडे सरावाला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीकडे आहे. ती ड्रॅग फ्लिक मारते, मनगटं पोलादी आहेत, आणि थांबवताना हात कसा सोडायचा हे तिला मुळातच येतं. तिला “महिनाभर वापरून बघ” म्हणून दिली होती. परवा विचारलं, कशी वाटतेय? म्हणाली, “दादा, पैसे हप्त्याने देते, पण परत मागायची नाही.”