सेव्हन-झिप: डीटीपीवाल्यांच्या रोजच्या कामाचं

दिवाळी अंक छापखान्यात द्यायचा तर दर वेळी नुसत्या पीडीएफवर भागत नाही. लेआउटची मूळ फाइल, फोटो, जाहिराती, फाँट असं अख्खं फोल्डर धाडावं लागतं. मी डीटीपी करते आणि या कामाला वर्षानुवर्षं सेव्हन-झिप वापरते. अख्खं फोल्डर दाबून त्याची एकच लहान फाइल करणारं, इगोर पावलोव्ह यांनी १९९९ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे, धंद्यासाठी वापरलं तरी.

खरी ताकद आहे त्याच्या स्वतःच्या सेव्हन-झेड फॉरमॅटमध्ये. नेहमीचा झिप फॉरमॅट १९८९ चा, फिल कॅट्झ यांचा. येऊन गेलेला भाग पुन्हा आला की तो न लिहिता 'इतकं मागे जा, एवढं उचल' अशी खूण ठेवायची, ही युक्ती दोन्हींकडे आहे. पण झिपच्या नेहमीच्या डिफ्लेट पद्धतीला मागचं फक्त ३२ केबी दिसतं, आणि दुसरी फाइल सुरू झाली की पाटी कोरी. सेव्हन-झेडला कित्येक एमबी मागचं दिसतं आणि 'सॉलिड' पर्यायात अनेक फाइली सलग धरल्या जातात. आमच्याकडे एकाच अंकाची पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, फायनल अशी पिलावळ असते. झिप ती प्रत्येक फाइल नव्याने दाबतो; सेव्हन-झेडमध्ये दुसऱ्या प्रूफपासून जवळपास बदलांपुरतीच जागा लागते. जेपीजी मात्र आधीच दाबलेले असतात, त्यांच्यात काही हाती लागत नाही.

सॉलिडला किंमतही आहे. मधली एकच फाइल हवी असली तरी आधीचं सगळं उलगडावं लागतं, आणि एका जागी बिघाड झाला तर पुढच्या फाइलीही जाऊ शकतात. म्हणून जुने अंक साठवायला मी सेव्हन-झेड वापरते आणि हार्डडिस्कवर टाकल्यावर फाइल धड आहे का ते तपासणारी 'टेस्ट' चालवतेच. बाहेर पाठवायला साधा झिप बरा, तो कुठेही उघडतो.

पासवर्डाची सोय उत्तम. झिप करताना मात्र एन्क्रिप्शनच्या (मजकूर कुलूपबंद करण्याच्या) रकान्यात 'एईएस-२५६' ही भक्कम पद्धत स्वतः निवडा. आधीपासून निवडलेली झिपक्रिप्टो पद्धत कमकुवत आहे. सेव्हन-झेडमध्ये फाइलींची नावंसुद्धा झाकता येतात. देवनागरी नावंही त्यात युनिकोडमध्ये राहतात, त्यामुळे 'संपादकीय' उघडल्यावर 'संपादकीय'च दिसतं.

दिसायला ते जुनाट आहे, त्याचं मला काही वाटत नाही. खटकतं ते एकच, ते स्वतःहून अपडेट होत नाही. २४.०९ च्या आधीच्या आवृत्तीत मोठी त्रुटी होती: इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवरची विंडोजची धोक्याची खूण आतल्या फाइलींवर उतरत नसे. 'हेल्प'मध्ये 'अबाउट' उघडून आपल्या आवृत्तीचा आकडा आजच बघा, आणि नवी आवृत्ती सेव्हन-झिप डॉट ऑर्गवरूनच घ्या.