उद्यमनगरात बसून मेलबर्न-मेम्फिसचे नवे बँड कसे सापडतात: बँडकॅम्प, तीन वर्षं वापरून

काल बँडकॅम्प फ्रायडे होता, म्हणजे बँड स्वतःचं संगीत थेट विकतात ती बँडकॅम्प साइट आपला हिस्सा सोडते तो शुक्रवार. तो कॅलिफोर्नियाच्या वेळेनं चालतो, आपल्याकडं दुपारचे साडेबारा वाजले की तिकडं शुक्रवार लागतो (थंडीत दीडला, कारण ते लोक घड्याळं मागं घेतात), म्हणजे बरोबर डब्याचा टाइम. हात पुसले, भाकरी नंतर, आधी फोन काढला आणि महिनाभर विशलिस्टमध्ये ठेवलेल्या चार छोट्या, स्वस्तातल्या रिलीज घेऊन टाकल्या, दोन ऑस्ट्रेलियातल्या, एक सिनसिनाटीची, एक बार्सिलोनाची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे, तिथं संध्याकाळपर्यंत स्पीकरवर तेच चालू होतं. मित्र सारखं विचारतात की भावा तुला हे असले बँड सापडतात कुठनं, दरवेळी चहाच्या टपरीवर अर्धवट सांगून होतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहितोय.

मी ऐकतो ते गॅरेज रॉक आणि पोस्ट-पंक, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरेज रॉक म्हणजे साठच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये स्वस्तातले अॅम्प फुल करून वाजवलेलं रॉक, आवाज फाटतोय तर फाटू दे. पोस्ट-पंक त्यानंतरचं, १९७७ च्या पंकचा (साधं, वेगवान, रागीट रॉक) पहिला दणका ओसरला आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टर, शेफील्ड, लीड्स असल्या कारखान्यांच्या गावांत पोरांनी वेगळंच काहीतरी सुरू केलं, गाणं बेस ओढतोय, गिटार खरवडल्यासारखी, ड्रम मशिनीसारखा सरळ, आणि गाणारा गातोय कमी बोलतोय जास्त. अमेरिकेत डेव्हो नावाचा बँड अॅक्रनचा, आणि अॅक्रन म्हणजे एकेकाळचं टायरच्या कारखान्यांचं गाव. मला हे वाचल्यावर लै बरं वाटलं होतं, कारण फाउंड्री आणि लेथच्या आवाजात वाढलेल्या माणसाला हा आवाज परका वाटतच नाही. वर खासबागेत कुस्तीला हलगी ऐकत मोठं झालोय, एकच ठेका न थांबता वाढवत नेला की अंगात काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तर अडचण अशी होती की जुने बँड कुठंही मिळतात, पण आज, या महिन्यात, कुठल्या तरी गावातल्या चार पोरांनी काय काढलंय ते कळायचं कसं? आधी मी एका मोठ्या स्ट्रीमिंग ॲपवर होतो, पैसे भरून. तिथं दर आठवड्याला नवीन गाण्यांची लिस्ट यायची आणि त्यात तेच ते आठ-दहा बँड, जे आता मोठ्या फेस्टिव्हलला वाजवतात. ते बँड वाईट नाहीत, डब्लिनचा फॉन्टेन्स डीसी मी आजही ऐकतो. पण ज्या बँडचे ऐकणारेच तीनशे आहेत तो त्या लिस्टमध्ये मला दोन वर्षांत एकदाही आला नाही.

बँडकॅम्पवर पहिला महिना मी पण चुकीचंच वापरत होतो, टॅग (बँडनं लावलेली संगीतप्रकाराची खूण) टाकायचा, नवीन आलेलं असं सॉर्ट करायचं आणि वरून खाली ऐकत सुटायचं. पोस्ट-पंक टॅगखाली दिवसाला एवढं येतं की माणूस दमतो, आणि त्यातलं निम्मं घरात एकट्यानं लॅपटॉपवर केलेलं असतं ज्यात अजून जीव नसतो. मग एकदा पप्पांनी वर्कशॉपमध्ये विचारलं, ही कुठली पोरं रे? म्हटलं सिनसिनाटीची, अमेरिकेतली. म्हणे कालची? म्हटलं काल पण तिथलीच होती, वेगळा बँड पण काढणारा एकच, फील इट म्हणून लेबल आहे, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, पहिलं रिचमंडला होतं मग सिनसिनाटीला आलं, त्यांचीच सगळी पोरं. पप्पा तरुणपणी शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळलेले आहेत, ते लगेच म्हणाले, "मग तालीमच म्हण की."

आणि खरंच तसंच आहे. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात, पाटाकडील म्हटलं, दिलबहार म्हटलं की नवीन पोरगं टीममध्ये आलं तरी त्याच्याबद्दल अर्ध कळतं, कारण कुणी निवडलंय ते माहीत असतं. लेबलचं तेच. मेम्फिसचं गोनर घ्या, दुकान पण त्यांचंच, लेबल पण त्यांचंच आणि स्वतःचा गोनरफेस्ट पण भरवतात. ऑस्ट्रेलियाचं अँटी फेड, लंडनची स्टॅटिक शॉक आणि ला विदा एस उन मुस, जर्मनीचं एर्स्टे थेके टोनट्रेगर. बँडकॅम्पवर या प्रत्येकाचं स्वतःचं पान आहे, फॉलो केलं की नवीन रिलीज आली की मेल येतो, आणि तो मेल बऱ्याचदा लेबल चालवणाऱ्यानं स्वतः लिहिलेला असतो, हा बँड कुठं ऐकला, हे रेकॉर्ड का काढतोय. मी आता पंधराएक लेबलं धरली आहेत, आठवड्याला पाच-सहा मेल येतात, प्रत्येकातलं एक गाणं ऐकायला वीस मिनिटं पुरतात. टॅगवर तासन् तास घालवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. टॅग एका कामाला मात्र अजून वापरतो, बँडच्या गावाचं नाव पण टॅग म्हणूनच असतं, त्यामुळं एखादा बँड लै आवडला की त्याच्या गावावर क्लिक करायचं, त्याच ड्रमरचे अजून दोन बँड हमखास निघतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती बाकी कुठंच बघितली नाही. अल्बमच्या पानावर कव्हरच्या खाली तो विकत घेतलेल्या लोकांचे छोटे छोटे फोटो दिसतात, काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, कुठलं गाणं आवडलं ते पण. कुणाच्याही फोटोवर दाबलं की त्या माणसानं आजपर्यंत काय काय घेतलं ते सगळं कपाट उघडं होतं. फुकट ऐकलेलं नव्हे, पैसे देऊन घेतलेलं. एक बँड फक्त चाळीस-पन्नास लोकांनी घेतलाय आणि त्यात तुम्ही पण आहात, तर त्या बाकीच्यांच्या कपाटात तुमच्यासाठी काही ना काही असणारच. मी असं एका अनोळखी माणसाच्या कपाटावरून युरेनियम क्लबला पोचलो, मिनिॲपोलिसचा बँड, दोन गिटार एकमेकींशी भांडल्यासारख्या आणि मधेच कुणीतरी जाहिरात वाचल्यासारखं बोलत सुटतं. तो माणूस कोण ते माहीत नाही, कधी बोलणं नाही, पण त्याला फॉलो केलंय आणि तो काय घेतो ते माझ्या फीडमध्ये येतं. हे म्हणजे मित्राच्या घरी जाऊन त्याच्या कॅसेटच्या खोक्यात हात घालण्यासारखं आहे.

पैशाचं सांगतो. किंमत बँड स्वतः ठरवतो. बरेच छोटे बँड तुम्हाला वाटेल ते द्या असं ठेवतात, शून्य टाकलं तरी डाउनलोड होतं. मी शून्य कधी टाकत नाही. साधारण पूर्ण अल्बम पाच ते आठ डॉलरला असतो, म्हणजे चारशे रुपयांच्या पुढंच. डिजिटलवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं, रेकॉर्ड-कॅसेट-टीशर्टवर १०, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी बँडला किंवा लेबलला. आणि बँडकॅम्प फ्रायडेला ते आपला हिस्सा सोडतात. हे २० मार्च २०२० ला सुरू झालं, कोविडमुळं सगळ्यांचे कार्यक्रम बंद पडले तेव्हा. आता दर महिन्याला नसतो, वर्षातले ठरावीक शुक्रवार असतात, तारखा आधी जाहीर होतात. म्हणून मी काय करतो, महिनाभर फक्त विशलिस्ट भरतो आणि त्या शुक्रवारी एकदम घेतो, हजार रुपयांचं बजेट, त्याच्यावर जायचं नाही. विकत घेतलं की फाइल आपली, एमपीथ्री पाहिजे तर ते, फ्लॅक (दर्जा कमी न केलेली मोठी फाइल) पाहिजे तर फ्लॅक, पेनड्राइव्हवर टाकून गाडीत लावता येतं. गगनबावड्याच्या रस्त्याला रेंज जाते तिथं याची किंमत कळते.

कार्डचं एक ध्यानात ठेवा. पेमेंट पेपालनं किंवा कार्डनं होतं आणि आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. माझं पहिलं पेमेंट त्यामुळंच तीनदा फेल गेलं आणि माझ्या बँकेच्या शाखेत विचारलं तर त्यांना पण पटकन सांगता येईना. मर्यादा दोन हजारावर ठेवा, काम झालं की परत बंद करा.

रेकॉर्ड मात्र इथं बसून मागवणं परवडत नाही, स्पष्ट सांगतो. जर्मनीहून एका रेकॉर्डला पोस्टेज रेकॉर्डच्या बरोबरीनं किंवा जास्तच लागतं, वर कस्टमचा भरोसा नाही. कॅसेट हलकी असते, त्यामुळं वर्षाला एखादी घेतो. या बँडच्या कॅसेट पन्नास-शंभरच काढलेल्या असतात, कव्हर घरी कापून घडी घातलेलं दिसतं, आणि कॅसेट घेतली की डिजिटल बहुतेक वेळा बरोबर मिळतं. पप्पांचा जुना टेप माळ्यावर होता, लक्ष्मीपुरीत एका काकांनी बेल्ट बदलून दिला, आता चालतो. पहिली कॅसेट लावली तेव्हा काकांनी दुकानातच पूर्ण एक बाजू ऐकली आणि म्हणाले, रेकॉर्डिंग खराब आहे पण पोरगं ड्रम मनापासून बडवतंय.

ॲपबद्दल बोलायचं तर ऐकायला ठीक आहे, शोधायला कॉम्प्युटरवर ब्राउझरच बरा, एका वेळी दहा टॅब उघडून ठेवता येतात. न घेता एखादा अल्बम सारखा ऐकला की काही वेळानं आता विकत घ्या असं येतं, मला ते चुकीचं वाटत नाही, पाच वेळा ऐकलंय म्हणजे आवडलंय. काळजी वाटते ती कंपनीची. २००८ पासून स्वतंत्र चाललेली साइट २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीनं घेतली, दीड वर्षात २०२३ ला साँगट्रेडर या संगीताचे हक्क विकणाऱ्या कंपनीला विकली आणि त्या वेळी जवळपास निम्म्या लोकांची नोकरी गेली. आपल्याला वरवर काही बदललेलं दिसत नाही, शुक्रवार चालू आहेत, मेल येतात. पण ज्या लोकांनी हे उभं केलं त्यातले एवढे गेले हे मला खटकतं, आणि म्हणूनच जे घेतो ते सगळं डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवतो. तुम्ही पण ठेवा.

आणि भाषेचं टेन्शन घेऊ नका. मूळ बेलारूसच्या मिन्स्कचा मोलचात दोमा हा बँड रशियनमध्ये गातो, २०१८ चा त्यांचा अल्बम आधी बर्लिनच्या डेट्रिटी या छोट्या लेबलनं काढला, लोक यूट्यूबवर ऐकून वेडे झाले, मग २०२० ला न्यूयॉर्कच्या सेक्रेड बोन्सनं परत काढला. मला त्यातला एक शब्द कळत नाही आणि रात्री रंकाळ्यावर चक्कर मारताना तोच लागतो.

नवीन कुणी सुरू करणार असेल तर आरएमएफसीपासून करा, ऑस्ट्रेलियातला न्यू साउथ वेल्सचा बँड, २०२३ चा अल्बम अँटी फेडवर आहे. मग त्याच पानावरून अँटी फेडला फॉलो करा आणि खाली ज्यांचे फोटो दिसतील त्यातलं कुठलंही एक कपाट उघडा. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकू नका, स्पीकरवर लावा, शेजारच्या शेडमधली मशीन चालू असताना.