किनारपक्ष्यांच्या खाण्याचे फोटो: पुण्याहून भिगवण की आक्षी?

नुसता पक्षी हवा असेल तर दोन्हीकडे मिळतो. पण चोच वाळूत कशी जाते, किडा कसा ओढून निघतो हे टिपायचं असेल, तर निवड विचार करून करावी.

भिगवण सोलापूर रस्त्यावर शंभर किलोमीटरच्या आसपास, पहाटे निघून दुपारपर्यंत परत. कुंभारगाव किंवा डिकसळहून होडी मिळते. उजनी धरणाचं पाणी ओसरत जातं तसा चिखल उघडा पडतो आणि त्यावर शेकाट्या, छोटे टिलवे, तुतवार चरतात. इथले पक्षी होड्यांना सरावलेले असतात, त्यामुळे ४०० मिमी लेन्सवरही काम भागतं. नावाड्याला इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवायला सांगा, सूर्य पाठीशी ठेवायला सांगा आणि कॅमेरा होडीच्या काठावर बीनबॅगवर (दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर) टेका. होडी हलते, म्हणून शटर १/२००० सेकंदाच्या खाली नको. चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

अलिबागजवळचं आक्षी अवघड आहे. तिथे जायला साधारण चार तास लागतात, म्हणजे मुक्काम आलाच. पण लाटेमागे धावणारा सँडरलिंग आणि शिंपले उघडणारा ऑयस्टरकॅचर हवा असेल, तर किनाऱ्याला पर्याय नाही.

आक्षीला सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. कोकणातला ढोबळ हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. सप्तमीला सव्वापाच, म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती आणि उजाडताना पाणी मागे सरकू लागलेलं. ओहोटीचे पहिले दोन-तीन तास सोन्यासारखे, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत खाद्य वरच्या थरात असतं आणि पक्षी फार लांब गेलेले नसतात. सप्तमी-अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, पाणी उधाणाइतकं दूर जात नाही, हाही फायदाच. किनारा पश्चिमेकडे असल्याने सकाळी ऊन पाठीशी येतं, संध्याकाळी तेच डोळ्यांवर येतं. म्हणून षष्ठी-सप्तमीची सकाळ निवडा, शुक्ल-कृष्ण पक्ष कुठलाही चालेल. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यावरून पडताळून घ्या.

पक्ष्याच्या मागे चालू नका. तो पाण्याच्या रेषेने ज्या दिशेला चरत निघालाय, त्या दिशेला बरंच पुढे जाऊन वाळूवर पालथे पडून राहा. मान वर करून तो थांबला की तुम्ही जास्त जवळ आहात. तसंच स्थिर राहा. चिखल्या (प्लोव्हर) धावतो, थांबतो, टिपतो: तो थांबला की लगेच बर्स्ट, म्हणजे सलग फोटो सुरू करा, कारण डोळ्यांनी भक्ष्य हेरून तो पुढच्याच क्षणी झडप घालतो. सँडरलिंग मात्र चालता चालताच चोच खुपसतो, त्याला १/३२०० लागतं. ओली वाळू काळपट आणि पक्षी पांढरा, त्यामुळे उन्हात फोटोत पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसतात. एक्स्पोजर उणे २/३ ठेवा. नऊनंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि लांबच्या फ्रेममध्ये पीस उठून दिसत नाही. महागडी लेन्सही तिथे हरते.

खर्च, वेळ आणि छोटी लेन्स या तिन्हींची अडचण असेल तर आधी भिगवणला टिलव्यांवर हात बसवा. ५००-६०० मिमी हाताशी असेल आणि शनिवार-रविवार तिथीशी जुळत असेल, तर आक्षीच.

तिथे लेन्स बदलू नका. परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेरा पुसा आणि ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा.